आठ प्रश्नांची पट्टी

सोलमध्ये सार्वजनिक आरोग्याच्या एका संशोधन गटात मी काम करते. प्रौढ माणसांना मोबाइल-इंटरनेटवरची आरोग्याची माहिती कितपत शोधता, पारखता आणि वापरता येते, हे मोजणं आमचं काम. ते करताना कळलेल्या या पाच गोष्टी.

१. पट्टी किती जुनी, ते आधी बघावं. सगळ्यात जास्त वापरली जाते ती ‘इहील्स’. कॅनडातल्या नॉर्मन आणि स्किनर यांनी ती २००६ साली तयार केली. प्रश्न आठ, प्रत्येकी एक ते पाच गुण, म्हणजे जास्तीत जास्त चाळीस. तेव्हा आयफोनही आला नव्हता. आता माहिती शोधायला कोण जातंय? काकाओटॉक या इथल्या मेसेजिंग अ‍ॅपवर भावकीच्या गटात ती आपणहून येऊन पडते.

२. चाळीसपैकी चाळीस मिळवणाऱ्याला एखादं काम करायला द्यावं. दक्षिण कोरियात २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या पंधरापट झालं होतं. मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळपास होतं तेवढंच राहिलं, कारण वाढली होती ती सोनोग्राफी. म्हणून आम्ही विचारतो, ‘काही त्रास नसताना ही तपासणी करावी का, शोधून सांगा.’ पैकीच्या पैकी गुणांच्या एका निवृत्त गृहस्थांनी नेव्हर या कोरियन सर्च इंजिनवर चटकन एक पान काढलं आणि ‘करावी’ म्हणून मोकळे झाले. पान होतं एका दवाखान्याच्या जाहिरातीचं! २०१७च्या एका डच प्रश्नावलीत अशी प्रत्यक्ष कामं आहेत. त्यांना वेळ लागतो, म्हणून ती टाळली जातात. माझ्या मते नेमकी तीच टाळू नयेत.

३. सगळीकडे ‘३’वर खूण दिसली, तर ते अज्ञान समजू नये. इथले ज्येष्ठ ‘मला उत्तम जमतं’ असं सहसा स्वतःच्या तोंडाने म्हणत नाहीत.

४. ऑनलाइन प्रश्नावली पाठवून डिजिटल साक्षरता मोजू नये. ज्यांना ती उघडताच येत नाही, ते आकड्यांत येणार कसे? डिसेंबर २०२४ मध्ये या देशात पासष्टीपुढची माणसं वीस टक्क्यांवर गेली. त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांतले कागद घेऊन क्योंगनोदांगमध्ये, म्हणजे वस्तीतल्या ज्येष्ठांच्या बैठकीच्या जागी जावं लागतं. तिथे मांडी घालून बसायची सवय मला उपयोगी पडते.

५. गुण कुणाच्या नावावर लिहायचे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. एका आजींना आपली तीन महिन्यांची सरासरी साखर तोंडपाठ होती, कुठली गोळी जेवणाआधी घ्यायची हेही पक्कं ठाऊक. पण अ‍ॅपमध्ये स्वतःची नोंद बघायची, तर आधी मोबाइलवरून ओळख पटवावी लागते. फोन मुलीच्या नावावर, त्यामुळे गाडी तिथेच अडायची. यात आजींची निरक्षरता किती आणि अ‍ॅपचा आडमुठेपणा किती? मग ‘मदत कोण करतं?’ हा प्रश्न आम्ही जोडला आणि मुलीलाही बोलावलं. ती सरसर सगळं उघडून दाखवायची. समोरच्या आकड्याचा अर्थ मात्र आईच तिला सांगायची. कागदावर दोघींचे गुण बेताचेच आले, आणि घरातली साखर नीट आटोक्यात होती.