झोपेतील श्वासावरोध : उपचारातील चिकाटीचे मोजमाप

रोगाचे निदान झाले, उपचार ठरला आणि तो रुग्णाच्या हाती पडला, एवढ्याने वैद्यकाचे काम संपत नाही. घरी गेल्यावर रुग्ण तो उपचार घेतो काय, आणि किती दिवस घेतो, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच जुना आहे. आपल्या देशात तो पहिल्यांदा शास्त्रीय काटेकोरपणे तपासला गेला तो क्षयरोगाच्या संदर्भात. मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग केंद्राने आरोग्यधामातील उपचार आणि घरी राहून घेतलेले उपचार यांची तुलना केली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी घरच्या उपचारांची उपयुक्तता जगाला पटवून दिली. त्या अभ्यासात रुग्णाच्या केवळ सांगण्यावर विसंबून राहिले गेले नाही. त्याच्या घरी अचानक भेटी देण्यात आल्या, उरलेल्या गोळ्या मोजल्या गेल्या आणि औषध पोटात गेले की नाही हे पाहण्यासाठी लघवीही तपासण्यात आली.

गोळी मोजता येते. परंतु ती घेण्याची इच्छा कशी मोजावी? गेल्या काही दशकांत या प्रश्नाचा बराच विचार एका वेगळ्याच आजाराच्या निमित्ताने झाला. तो आजार म्हणजे झोपेतील श्वासावरोध, ज्याला डॉक्टर मंडळी ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

आपल्याकडे घोरणारा मनुष्य हा विनोदाचा विषय असतो. तो सुखाने झोपला आहे, असेच घरच्यांना वाटते. वास्तविक या आजाराच्या रुग्णाला सुखाची झोप अशी लाभतच नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वसनमार्ग मिटतो, आणि दहा सेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ श्वास बंद किंवा अपुरा होतो. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्या घोरण्याच्या आवाजासह श्वास पुन्हा सुरू होतो. असे तासाला पाचपेक्षा कमी वेळा होणे सामान्य समजले जाते. पंधराच्या वर मध्यम आणि तीसच्या वर तीव्र आजार मानतात. सकाळी रुग्णाला यातले काही आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपणाऱ्याला. दिवसभर पेंग येणे, डोके जड होणे, कामात चूक होणे, वाहन चालविताना डोळा लागणे हे त्याचे परिणाम होत. उच्च रक्तदाबाशीही या आजाराचा निकटचा संबंध आहे.

हा पाश्चात्त्यांचाच आजार आहे, अशी समजूत असल्यास ती सोडून द्यावी. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांचा अभ्यास डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेतील श्वसनाचा बिघाड, तर ७.५ टक्क्यांमध्ये दिवसा येणाऱ्या पेंगेसह पूर्ण स्वरूपाचा आजार आढळला. हे लोक दवाखान्यात घोरण्याची तक्रार घेऊन आलेले नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

यंत्र आहे, वापर नाही

या आजारावरील प्रमुख उपचार म्हणजे गोळी नव्हे, तर यंत्र होय. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सौम्य पण अखंड दाब दिल्यास घसा मिटत नाही, हे दाखवून दिले. पाच रुग्णांवरील त्यांचा अनुभव १९८१ साली प्रसिद्ध झाला. आरंभीचे यंत्र व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीपासून बनविलेले होते. आजची सी-पॅप यंत्रे लहान व जवळजवळ निःशब्द आहेत, मात्र तत्त्व तेच आहे. हवा घसा उघडा ठेवते, आणि पहिल्याच रात्री श्वास अडणे बहुतांशी थांबते.

इतका खात्रीचा उपाय असताना अडचण कोठे आहे? अडचण अशी की, हे यंत्र रोग बरा करीत नाही. ते चालू असेल तोवरच उपयोगी पडते. चष्म्याप्रमाणे ते रोज लावावे लागते, आणि तेही झोपेत. नाकावर मुखवटा, मागे पट्टे, नळी, कोरडे पडणारे नाक आणि कधी घुसमट, अशा अवस्थेत रात्र काढावयाची, आणि हे सर्व अशा आजारासाठी, की जो स्वतः रुग्णाला दिसतही नाही! मग यंत्र कपाटात जाते. गावात शौचालय बांधले गेले म्हणजे ते वापरले जाते असे नाही, हा अनुभव पंचायतींच्या सदस्यांना नवा नाही. तसाच हा प्रकार आहे.

वापराचे मोजमाप प्रथम १९९३ साली अमेरिकेतील एका अभ्यासाने डोळ्यांत अंजन घातल्यासारखे पुढे मांडले. यंत्रातच बसविलेल्या मापकाने ३५ रुग्णांचा प्रत्यक्ष वापर नोंदविण्यात आला. साठ टक्के रुग्ण आपण रोज रात्री यंत्र लावतो असे सांगत होते. परंतु सत्तर टक्के दिवशी किमान चार तास, एवढी साधी कसोटी लावली, तर ३५ पैकी १६ जणच तीत उतरले. रुग्णांनी सांगितलेला वापर प्रत्यक्षापेक्षा सरासरीने ६९ मिनिटांनी अधिक होता. यात लबाडीच होती असे मानणे अन्यायाचे होईल. मध्यरात्री मुखवटा काढून ठेवला हे झोपेतल्या माणसाला पुष्कळदा आठवत नाही. आणि डॉक्टरांना वाईट वाटू नये, ही भावना तर आपल्याकडे अधिकच प्रबळ आहे.

चार तास आणि सत्तर टक्के ही कसोटी पुढे इतकी रूढ झाली की, अमेरिकेतील वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने यंत्राचा खर्च चालू ठेवण्यासाठी तीच अट घातली. पण चार तास ही मर्यादा पवित्र नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, रुग्णाला स्वतःला वाटणारी पेंग कमी होण्यास सुमारे चार तास, प्रयोगशाळेत मोजलेली पेंग कमी होण्यास सहा तास, आणि दैनंदिन व्यवहार सुरळीत होण्यास साडेसात तास वापराची गरज भासते. म्हणजे शाळेच्या हजेरीपटावर अर्ध्या दिवसाच्या हजेरीने विद्यार्थी उपस्थित ठरावा, तसे हे आहे. त्याची नोंद झाली, पण शिक्षण किती झाले हा प्रश्न उरतोच. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या २,७१७ रुग्णांवर सात देशांत जी मोठी चाचणी झाली, तीत भारतही होता. २०१६ साली तिचे निष्कर्ष आले. यंत्राने नवे हृदयविकार टळल्याचे दिसले नाही, परंतु सरासरी वापरच रात्रीला ३.३ तास होता. उपचार निरुपयोगी ठरला की तो पुरेसा घेतलाच गेला नाही, हा वाद त्यामुळे आजही चालू आहे.

मनाचे माप

कोण यंत्र लावील आणि कोण सोडून देईल, हे आधीच ओळखता आले तर? आजाराची तीव्रता पाहून ते सांगता येईल असे प्रथम वाटले होते. ते फारसे खरे ठरले नाही. तीव्र आजाराचे रुग्णही यंत्र टाकून देतात. तेव्हा संशोधक मानसशास्त्राकडे वळले. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली मांडले होते की, एखादे काम आपल्याला जमेल असा विश्वास माणसाला वाटतो की नाही, यावर त्याचा प्रयत्न अवलंबून असतो. प्रोचास्का व डिक्लेमेंटे यांनी १९८३ साली धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून दाखविले की, माणूस एकदम बदलत नाही. विचारही नसणे, विचार असणे, तयारी करणे, कृती करणे आणि ती टिकविणे अशा पायऱ्या तो चढत, कधी उतरत जातो.

या विचारांच्या आधारे टेरी वीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली श्वासावरोधाच्या रुग्णांसाठी २६ प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. तिचे तीन भाग आहेत. पहिला भाग धोक्याच्या जाणिवेचा असून, या आजारामुळे अपघात, रक्तदाब, खिन्नता यांची शक्यता आपल्याला कितपत वाटते, हे तो विचारतो. दुसरा भाग फळाच्या अपेक्षेचा आहे. यंत्र लावल्यास अधिक हुशारी वाटेल काय, घोरणे थांबेल काय, असे प्रश्न त्यात येतात. तिसरा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. अडचणी आल्या तरी तुम्ही यंत्र लावाल काय, असे तो विचारतो, आणि अडचणींची नावे घेऊन विचारतो. नाक चोंदले तर, घुसमट वाटली तर, प्रवासात असताना, सोबत झोपणाऱ्याला त्रास झाला तर, खर्चाचा भाग स्वतः सोसावा लागला तर. ‘तुमची तयारी आहे काय?’ या एका प्रश्नाला प्रत्येक जण होकार देतो. ‘सर्दी झाली तरी?’ असे विचारल्यावर तो थांबून विचार करतो. खरे उत्तर त्या थांबण्यातून मिळते.

दुसऱ्या एका प्रवाहाने प्रेरणेचे प्रमाण नव्हे, तर तिचा उगम पाहिला. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतावर आधारलेल्या प्रश्नावल्या विचारतात की, तुम्ही उपचार का घेता? मला ते महत्त्वाचे वाटते म्हणून, की पत्नीने आग्रह धरला, डॉक्टर रागावतील म्हणून? पहिल्या प्रकारची प्रेरणा अधिक टिकते, असे हा सिद्धांत सांगतो. आपल्या कुटुंबपद्धतीत मात्र ही रेघ एवढी स्पष्ट नसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘मुलांसाठी मला उभे राहिले पाहिजे’ हे बाहेरचे दडपण की आतली ओढ?

माप केव्हा घ्यावे?

या सर्व अभ्यासांतील एक निष्कर्ष क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. उपचार सुरू होण्यापूर्वी, रुग्णाला काहीच माहिती नसताना भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून पुढील वापराचा अंदाज फारसा बांधता आला नाही. आजाराची व यंत्राची माहिती दिल्यानंतर, आणि विशेषतः एक आठवडा यंत्र वापरल्यानंतर घेतलेले माप मात्र उपयोगी ठरले. ज्याने मुखवटा पाहिलेलाच नाही, त्याचा आत्मविश्वास मोजणे म्हणजे पाण्यात न उतरलेल्याचे पोहणे मोजणे होय. यावर असा आक्षेप घेता येतो की, आठवड्यानंतरचे उत्तर म्हणजे प्रेरणा नसून त्या आठवड्याचा अनुभवच होय. आक्षेप खोटा नाही. पण व्यवहारात त्याने काही बिघडत नाही, कारण मदत कोणाला हवी आहे हे तर समजते. आणि ते लवकर समजणे आवश्यक आहे. १९९७ सालच्या एका अभ्यासात नियमितपणे यंत्र लावणारे व अधूनमधून लावणारे यांच्या वाटा चौथ्या दिवसापासूनच वेगळ्या झालेल्या दिसल्या. महिन्याने बोलावलेला रुग्ण येतो तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो.

मापाचा उपयोग केवळ वर्गवारीसाठी करावयाचा नसेल, तर त्यापुढे संभाषण हवे. मद्यपींवरील उपचारांच्या अनुभवातून विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेली, आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेली प्रेरणादायी संवादपद्धती येथे वापरली जाते. तिच्यातील एक साधन अगदी साधे आहे. शून्य ते दहा अशी पट्टी काढावी आणि विचारावे, ‘हे यंत्र लावणे तुम्हांला किती महत्त्वाचे वाटते? आणि ते जमेल असे किती वाटते?’ समजा, रुग्णाने जमण्याच्या पट्टीवर ‘चार’ म्हटले. आपली सवय अशी की, ‘चारच का? नऊ का नाही?’ असे विचारावे. तसे विचारताच तो न जमण्याची कारणे सांगू लागतो आणि ती सांगता सांगता त्याला स्वतःलाच पटतात. त्याऐवजी ‘एक न म्हणता चार का म्हणालात?’ असे विचारले, तर तो जमण्याची कारणे स्वतःच्या तोंडाने सांगतो. ‘चार केव्हा सहा होतील?’ हा त्यापुढचा प्रश्न. त्याचे उत्तर पुष्कळदा मनात नसून मुखवट्याच्या मापात असते. ऑस्ट्रेलियात परिचारिकांनी अशा तीन बैठका घेतल्यावर यंत्र नाकारणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले, आणि आरंभीच्या महिन्यांतील वापर वाढला, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले.

आपल्या परिस्थितीत

परदेशी प्रश्नावली मराठीत आणताना शब्दांपेक्षा प्रसंग बदलावे लागतात. पेंग मोजण्यासाठी मरे जॉन्स यांनी १९९१ साली मेलबर्न येथे तयार केलेली एपवर्थ मापनश्रेणी जगभर वापरली जाते. तीत आठ प्रसंग असून, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण आहेत. एकूण दहाच्या वर गुण आल्यास पेंग अधिक समजतात. त्यांतील एक प्रसंग रहदारीत काही मिनिटे थांबलेल्या मोटारीचा आहे. ज्याने मोटार कधी चालविली नाही, त्याने काय उत्तर द्यावे? पुस्तक वाचत बसल्यावर डोळा लागतो काय, हा प्रश्न निरक्षर शेतकऱ्याला कसा विचारावा? त्याच्यासाठी एस.टी.तील प्रवास, भजनाला बसणे, दुपारी जेवणानंतर ओसरीवर टेकणे हे प्रसंग खरे. परंतु प्रसंग बदलले की गुणांची जुनी मर्यादा तशीच लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. ती इकडील रुग्णांवर नव्याने पडताळून पाहावी लागते.

उत्तर कोणासमोर घेतले जाते, यावरही ते अवलंबून असते. मुलगा शेजारी उभा असताना वडील ‘काही त्रास नाही’ असेच म्हणतील. याउलट, रात्री श्वास अडतो की नाही, हे पत्नीला एकटीला विचारल्याशिवाय कळत नाही.

शेवटी, न वापरण्याचे प्रत्येक कारण प्रेरणेच्या खाती टाकणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. यंत्राची किंमत हजारोंच्या घरात जाते आणि बहुधा ती घरच्यांनाच भरावी लागते. भारनियमनाने रात्री वीज गेली की यंत्र बंद पडते आणि मुखवटा गुदमरू लागतो. धुळीने जाळी भरते, ती बदलून देणारा तालुक्याच्या गावी असेलच असे नाही. अशा रुग्णाच्या कागदावर ‘प्रेरणा अल्प’ अशी नोंद झाली तर ती नोंद त्याच्याविषयी काहीच सांगत नाही. यंत्र दिल्यावर चौथ्या दिवशी आरोग्य सेविकेने घरी जाऊन किंवा फोनवरून प्रथम एवढेच विचारावे की, काल रात्री यंत्र किती वाजता लावले, किती वाजता काढले, आणि काढावे असे वाटले तेव्हा घरात काय चालले होते. शून्य ते दहाची पट्टी त्यानंतर काढावी.