बिडाच्या पोटात सिमेंट

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामांच्या बोअरिंगच्या दुकानात माझा मशीनवर हात बसला. तिथे ब्लॉकचं जॅकेट म्हणजे पाण्याची वाट. ती तुंबली की इंजिन तापणार, म्हणून तासन् तास गंज खरवडून ती मोकळी करायची. गेली २२ वर्षं मी अमेरिकेत, ओहायोतल्या एका मशीन शॉपमध्ये ड्रॅग रेसिंगची इंजिनं बांधतो आहे, आणि इथे तीच वाट मी स्वतःच्या हातांनी बुजवतो. पहिल्यांदा बादलीतला तो करडा, रबरबीत सिमेंटचा माल, म्हणजे फिलर, व्ही-८ ब्लॉकच्या पोटात ओतताना माझा हात चांगलाच अडखळला होता. आता पुण्याकोल्हापूरची पोरं फोनवर विचारतात, "काका, ब्लॉक भरू का?" त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

१. आधी भिंत मोजा.

शेवरोलेच्या १९५५ सालापासूनच्या छोट्या व्ही-८ चंच उदाहरण घ्या. त्यातल्या ३५० घनइंची इंजिनाचा बोअर ४ इंचांचा. सिलिंडरची भिंत वर डेकला, म्हणजे हेड बसतं त्या पृष्ठभागाला, आणि खाली ब्लॉकला धरलेली असते. मधल्या भागात तिच्या पाठीला पाण्याशिवाय काही नसतं. कारखान्याने दिलेल्या ताकदीला हे पुरतं. टर्बो किंवा नायट्रस लावून ताकद दुप्पट-तिप्पट केली की दर स्फोटाला ती भिंत फुगते, थरथरते. बोअर गोल राहत नाही, रिंग धरत नाही, गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतो आणि एक दिवस भिंतीला उभी चीर जाते. फिलर त्या मधल्या भागाच्या पाठीशी उभा राहतो, एवढंच त्याचं काम. पातळ भिंत त्याने जाड होत नाही.

आणि पातळ भिंत वरून दिसत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत ज्यांनी ओतकाम पाहिलंय त्यांना सांगायला नको, की वाळूचा कोअर साच्यात जरासा सरकला तरी एका बाजूला बीड जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. म्हणून प्रत्येक सिलिंडर चारही बाजूंनी, वर-मध्ये-खाली, सॉनिक टेस्टरने तपासा. माप कमी आलं तर तो ब्लॉक भरू नका, दुसरा शोधा.

२. जॅकेट देवघरासारखं स्वच्छ हवं.

सगळे वेल्च प्लग काढा. ब्लॉक गरम टाकीत धुऊन घ्या आणि मग वाकडी तार घेऊन प्रत्येक भोकातून आत फिरवा. एकदा धुऊन आलेल्या ब्लॉकमधून माझ्या तारेला मुठीएवढी ढेप लागली होती. ओतकामाची वाळू, तिच्यात अडकलेला तारेचा तुकडा, वर गंजाचा थर. त्यावर फिलर ओतला असता तर तो भिंतीला नव्हे, त्या गंजाला चिकटला असता.

३. किती भरायचं ते गाडी कुठे चालते त्यावर.

रस्त्यावरही धावणाऱ्या गाडीला अर्धा भरणा, म्हणजे वॉटर पंपाच्या भोकांच्या खालच्या काठापर्यंत. वरच्या, जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथल्या भागात पाणी खेळतं राहतं. तरीही तेल जास्त तापतं, त्यामुळे ऑइल कूलर लावायचाच. फक्त ड्रॅग स्ट्रिपवर धावणाऱ्या गाडीला पूर्ण, डेकच्या किंचित खालपर्यंत. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, ८-९ सेकंदांचा खेळ. एवढ्या वेळात तापून काही बिघडत नाही, दोन फेऱ्यांच्या मध्ये इंजिन निवतं. मिथेनॉलवर चालणारं इंजिन तर आणखी थंड राहतं, कारण ते इंधन वाफ होताना भरपूर उष्णता ओढून घेतं. ड्रॅग रेसिंगच्या सर्वांत वेगवान वर्गातल्या, टॉप फ्युएलवाल्यांनी हा प्रश्नच ठेवलेला नाही. त्यांचे ब्लॉक ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेले असतात, पाण्याचं जॅकेट मुळातच नाही.

४. घरबांधणीचं सिमेंट चालणार नाही.

ते घट्ट होताना आकसतं आणि भिंतीपासून सुटतं. त्याऐवजी न आकसणारा, ब्लॉकसाठीच बनवलेला फिलर मिळतो, तोच वापरा. सिमेंट आणि बीड उष्णतेने जवळपास सारखंच प्रसरण पावतात, म्हणून ही जोडी टिकते. ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट फुगतं. त्या ब्लॉकला मी फिलर लावत नाही.

५. ओततानाचा क्रम.

मेन कॅप आधी पूर्ण टॉर्कला आवळा. व्ही-८ असेल तर दोन्ही बाजू एकाच दिवशी भरायच्या नाहीत. एक डेक पाणसळीने आडवा करा, ती बाजू भरा, ती धरली की दुसरी. पाणी बेताचं, माल सरसर ओतला जावा म्हणून पाणी वाढवलंत तर ताकद गेली. ओतता ओतता ब्लॉकला रबरी हातोडीने हलके ठोके देत राहा. बुडबुडे वर येतात, फुटतात, पातळी बोटभर खाली जाते, पुन्हा ओतायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हातोडी थांबवायची नाही. माल ओला असतानाच डेकवर टॉर्क प्लेट बसवून आवळा, म्हणजे हेड बसल्यावर बोअर जसा ओढला जाईल त्याच आकारात फिलर धरेल.

६. थांबा.

हा धडा मला महाग पडला. गिऱ्हाइकाची शर्यत तोंडावर होती, म्हणून भरल्याच्या तिसऱ्या दिवशी मी ब्लॉक बोअरिंगला चढवला. होन केला, माप अचूक आलं, मी खूश. हंगामाच्या मध्यावर इंजिन उघडलं तर दोन सिलिंडर दीड थाऊ लांबट झालेले, म्हणजे सुमारे ३८ मायक्रॉन. रिंगच्या एका बाजूला चकचकीत घासलेलं, दुसऱ्या बाजूला होनच्या रेषा जशाच्या तशा. स्पर्शच झालेला नव्हता. सिमेंट वाळून कडक होत नाही. पाण्याशी त्याची क्रिया होत राहते आणि ती आठवडे चालते. तोवर ते ब्लॉकला हलवत असतं. तो ब्लॉक मी माझ्या खर्चाने पुन्हा बोअर करून दिला. तेव्हापासून भरलेला ब्लॉक महिनाभर कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली असतो. लाइन होनिंग, बोअरिंग, डेक सगळं त्यानंतर. कोणी घाई केली तर काम घेत नाही.

७. सीलिंग स्वतंत्र काम आहे.

शेवरोलेच्या त्या छोट्या व्ही-८ चे हेड बोल्ट थेट जॅकेटमध्ये उघडतात. अर्धा भरणा असेल तर प्रत्येक आट्याला सीलर हवाच, नाहीतर पाणी आट्यांतून वर चढतं. जास्त बूस्टला आम्ही तांब्याचं गॅस्केट वापरतो आणि बोअरभोवती खाचेत ०.०४१ इंचाची स्टेनलेस तार बसवतो. ही तार दाब अडवते, पाणी नाही. तांबं पाण्याला स्वतःहून धरत नाही, त्यामुळे पाण्याच्या भोकांभोवती सीलंट वेगळा लावावा लागतो.

आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर शर्यतीचा एक दिवस आणि उरलेलं वर्ष पुण्याच्या रहदारीत चालणारी गाडी असेल, तर पूर्ण भरू नका. अर्ध्यावर थांबा. एकदा धरलेला फिलर पुन्हा निघत नाही, त्यामुळे मला फोन करण्याआधी प्रत्येक सिलिंडरच्या भिंतीची मापं कागदावर लिहून समोर ठेवा. पहिला प्रश्न मी तोच विचारणार आहे.