हिशेबाचा प्रोग्राम: डेटापर्यंतचा रस्ता कोणता घ्यावा?

व्यापारी व कारागीर बांधवांनो, हिशेबाचा प्रोग्राम करून घेताना आपण पडद्यावरचे रकाने आणि छापील पावती पाहतो. प्रोग्राम डेटापर्यंत कोणत्या रस्त्याने जातो, हे मात्र विचारत नाही. नुकसान होते ते तेथेच.

लातूरच्या मोंढ्यातील आडतीचे उदाहरण घ्या. तुरीचा एक सौदा झाला की तीन नोंदी होतात: शेतकऱ्याच्या खात्यावर जमा, खरेदीदाराच्या नावे रक्कम, आणि हमाली-तोलाई. दुसऱ्या नोंदीनंतर वीज गेली तर खतावणी जुळणार नाही. म्हणून तिन्ही नोंदी एकत्र लिहिल्या जाव्यात. होतील तर तिन्ही, नाही तर एकही नाही. यालाच ट्रान्झॅक्शन म्हणतात.

रस्ते मुख्यतः दोन आहेत.

१) फाइलचा रस्ता: यात प्रोग्राम स्वतःच डेटाची फाइल उघडतो. ॲक्सेसच्या फाइलसाठी डीएओ ही पद्धत आहे. २००० साली आलेले एसक्यूलाइट तर मोफत मिळते. नांदेडच्या एखाद्या शिलाई कारागिराच्या एका कॉम्प्युटरला एवढे पुरते. पण ॲक्सेसची फाइल २ जीबीपुढे वाढत नाही. शिवाय तीच फाइल नेटवर्कवरून चौघांनी उघडली आणि लिहिताना एक कॉम्प्युटर बंद पडला, तर ती बिघडू शकते.

२) सर्व्हरचा रस्ता: येथे डेटा एकाच सर्व्हर प्रोग्रामच्या ताब्यात राहतो. तो पेढीवरच्या मुनीमासारखा. बाकीचे फक्त मागणी करतात, वहीला हात लावत नाहीत. गल्ला, काटा आणि गोदाम अशा तीन ठिकाणी कॉम्प्युटर असतील तर हाच रस्ता घ्यावा. पोस्टग्रेस हा सर्व्हर मोफत आहे. त्याच्याशी बोलायला १९९२ पासूनची ओडीबीसी पद्धत आजही चालते. पुढे सर्व्हर बदलला तरी प्रोग्रामचा बराच भाग तसाच ठेवता येतो. डॉटनेटमध्ये काम असेल तर एडीओ डॉटनेट सोयीचे. १९९५ ची आरडीओ पद्धत मात्र नव्या कामाला घेऊ नये.

प्रोग्रामरला तीन गोष्टी विचारा. एका वेळी किती जण नोंद करू शकतील? रोजची बॅकअप प्रत आणि पासवर्ड माझ्याकडे राहील का? सौदा अर्धवट राहिला तर काय होईल? तिसऱ्याचे उत्तर तोंडी घेऊ नका. नमुन्याच्या हिशेबावर दुसऱ्या नोंदीनंतर प्रोग्राम मुद्दाम थांबवायला लावा आणि खतावणी उघडून पाहा. ती जुळली, तरच बयाणा द्या.