खिडकीतून न दिसलेला बांध

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २० ते २२



मागच्या महिन्यात आम्ही घरचे सगळे हरिद्वारला गेलो. पुण्याहून दिल्लीपर्यंत विमान. बाबांचा हा पहिलाच विमानप्रवास. खिडकीची सीट लेकीची होती, पण आजोबांचा चेहरा बघून तिने ती आपणहून दिली.

विमान वर चढलं तशी खाली शेतं दिसायला लागली. हिरवी, पोपटी, मधेच काळी नांगरलेली. बाबा लेकीला म्हणाले, "आपलं गाव इकडंच कुठंतरी असणार बघ." मग बराच वेळ गप्प. आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बांध कुठं दिसतच नाही रे."

मला काही बोलता येईना. कारण एका बांधावरूनच बाबा आणि काका अकरा वर्षं बोलत नाहीत. मोजणी झाली, कोर्टाच्या तारखा झाल्या, दोन्ही घरांतली लग्नं एकमेकांशिवाय पार पडली.

इंजिनिअरचं डोकं, मी हिशोब केला. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक ओळखतो. ३५,००० फुटांवरून, म्हणजे साडेदहा किलोमीटरवरून, ते होतं सुमारे ३ मीटर. आमचा बांध दोन फुटांचा. दिसणार कसा?

या तीन श्लोकांत भगवंत ज्ञानाचे तीन प्रकार सांगतात. वेगवेगळ्या दिसणाऱ्या सगळ्यांत एकच अविनाशी तत्त्व बघणं, हे सात्त्विक. प्रत्येकाला सुटं सुटं बघणं, हे राजस. आणि एकाच तुकड्याला तेच सर्वस्व समजून चिकटून बसणं, हे तामस.

मी आजवर तामस म्हणजे काहीतरी भयंकर समजायचो. पण दोन फूट मातीला अकरा वर्षं चिकटून बसणं, हे दुसरं काय आहे?

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. वरूनही शेतांचे रंग वेगळेच दिसत होते. ऊस तो ऊस, बाजरी ती बाजरी. गीता भेद पुसायला सांगत नाही. भेदाच्या आत जे एक आहे, ते बघायला सांगते. पिकं वेगळी, जमीन एक.

आणि उंचावर ही दृष्टी फुकट मिळते. साधारण दोन तासांत विमान उतरतं, बांध पुन्हा दोन फुटांचा होतो. खरी साधना तिथून सुरू होते.

माझ्यापुरतं सांगतो. या भांडणात मी चुलत भावाला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं होतं. भांडण मोठ्यांचं, ब्लॉक माझा. दिल्लीत उतरल्यावर तो काढला आणि खिडकीतून काढलेला शेतांचा फोटो त्याला पाठवला. निळ्या टिक आल्या. उत्तर अजून नाही. असू दे.

हरिद्वारला बाबांनी गंगेचे दोन गडू घेतले. दुसरा कोणासाठी, ते आम्ही कोणी विचारलं नाही.

आजचा अभ्यास : तुमचा बांध कोणता? आज त्याच्या पलीकडच्या माणसाला एक साधा मेसेज करा. उत्तराची वाट न बघता.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥