पुसलेला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला सनावळ्या आठवतात. मला मात्र गेल्या वर्षी एका निराळ्याच इतिहासाने घाम फोडला. सामाईक संगणक वापरणाऱ्या मित्रांना उपयोगी पडावी म्हणून ती हकिगत येथे देत आहे.

लोकगीतांतील शब्दांची मोजदाद करण्यासाठी आम्ही चौघे लिनक्सच्या यंत्रावर एकाच खात्यातून काम करीत असू. एके दिवशी घाईघाईत मी माझ्या ई-मेलचा पासवर्ड चुकून आज्ञेच्या ओळीवरच लिहिला व एंटर दाबले. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने जुनी आज्ञा शोधण्यासाठी वरच्या बाणाची कळ दाबली, आणि तो पडद्यावर हजर! “अरे, हा तुझा ना?” तिने हळूच विचारले.

शेल म्हणजे आपल्या आज्ञा यंत्रापर्यंत पोचविणारा दुभाष्या. युनिक्सच्या १९७९ सालच्या बोर्न शेलला मागील आज्ञांची आठवण राहत नसे. बिल जॉय यांच्या सी शेलने ती सोय दिली आणि १९८९ साली आलेल्या बॅशनेही ती उचलली. वेगळे सांगितले नाही, तर बॅश शेवटच्या ५०० आज्ञा लक्षात ठेवतो.

मी ‘हिस्टरी -सी’ ही आज्ञा दिली. यादी कोरी झाली. निर्धास्त मनाने घरी गेलो. पुन्हा खाते उघडले तर पासवर्ड जागच्या जागी! कारण हा इतिहास दोन ठिकाणी असतो: चालू शेलच्या स्मृतीत आणि ‘.बॅश_हिस्टरी’ नावाच्या फाइलीत. नावाआधी टिंब असल्याने ही फाइल साध्या यादीत दिसत नाही. शेल बंद होताना नव्या ओळी तीत उतरतात, सुरू होताना तीतून परत येतात. मी स्मृती पुसली होती, फाइल नव्हे.

‘-सी’नंतर ‘हिस्टरी -डब्ल्यू’ दिले की फाइलही कोरी होते. पण त्या यादीत सोबत्यांच्या महिन्याभराच्या खटपटी होत्या. माझ्या चुकीपायी त्या का जाव्यात? म्हणून ‘हिस्टरी -डी’पुढे त्या ओळीचा क्रमांक देऊन तेवढीच ओळ काढली व मग ‘-डब्ल्यू’ने यादी फाइलीत उतरविली. ‘हिस्टकंट्रोल’मध्ये ‘इग्नोअरस्पेस’ लिहून ठेवले, तर आधी एक जागा सोडून लिहिलेली आज्ञा नोंदलीच जात नाही, हेही तेव्हाच शिकलो.

शेवटी पासवर्डही बदलला. खरा उपाय तोच; दुसऱ्याने एकदा वाचलेली ओळ कोणत्याही आज्ञेने पुसता येत नाही.