कल्पनाप्रधान निबंध : मास्टर दीनानाथ परत आले तर...

'...तर'चे निबंध मुलं बहुधा हारतुरे आणि टाळ्यांवर संपवतात. म्हणून आधी तारखा फळ्यावर लिहाव्यात. मास्टर दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले. वय अवघं ४१. थोरली लता तेव्हा १२ वर्षांची होती, आशा ८ आणि हृदयनाथ जेमतेम ४.

आता ते आजच्या पुण्यात परतले, तर आधी काय विचारतील? मला वाटतं, पोरांचीच चौकशी करतील. लता कुठं आहे? ती २०२२ साली गेली, ९२ वर्षांची होऊन, म्हणजे बापाच्या दुपटीहूनही जास्त जगून. हे त्यांना सांगायचं कुणी? त्यांनी ऐकलेला आवाज बारा वर्षांच्या पोरीचा. तिचं गाणं लावलं, तर ते ओळखतील का? निबंध इथं रंगतो. मुलांना घाई करू देऊ नका.

आणि त्यांचं स्वतःचं गाणं? संगीत नाटकात 'वन्समोअर' घेत पद कितीही लांबायचं, तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन मिनिटं मावायची. आपल्याकडे उरलं ते एवढंच, हे कळल्यावर ते हसतील की रागावतील?

घरी विचारा : त्यांना पहिलं गाणं कोणतं ऐकवाल, आणि तेच का?