सिकलसेल व्याधीत रक्तवाहिनी व स्वायत्त चेतासंस्थेचा विचार

सिकलसेलचा विषय निघाला की चिकित्सकाचे लक्ष प्रथम रक्तकणाकडे जाते. हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, प्राणवायू सुटताच रेणू एकमेकांस जोडले जातात आणि कण विळ्यासारखा वाकतो, हे वाचकांस ज्ञात आहेच. परंतु हा सदोष कण रुग्णाच्या शरीरात बाराही महिने फिरत असतो. मग वेदनेचा झटका आजच का आला? त्यासाठी रक्तवाहिनी व तिचे नियमन करणारी स्वायत्त चेतासंस्था यांकडे पाहावे लागते.

प्राणवायू सुटल्यानंतर कण वाकेपर्यंत अल्पसा अवधी जातो. तेवढ्यात तो केशवाहिनी ओलांडून मोठ्या शिरेत पोहोचला तर अनर्थ टळतो. वाहिनी आकुंचित असली व प्रवाह मंदावला तर कण आतच वाकतो आणि मार्ग अडवितो. दुर्दैव असे की, या आकुंचनास व्याधी स्वतःच हातभार लावतो. फुटलेल्या कणांतून मोकळे झालेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड नष्ट करते. वाहिनीस शिथिल ठेवणारा वायू तो हाच. त्याच कणांतील आर्जिनेज हे विकर, ज्यापासून हा वायू बनतो त्या आर्जिनिनचाच क्षय करते. वाहिनीचा अंतःस्तर बिघडतो व त्यास पेशी चिकटू लागतात.

आता चेतासंस्था. या रुग्णांत हृदयगतीची स्वाभाविक चलता कमी आढळते, म्हणजे परानुकंपी भागाचा प्रभाव क्षीण असतो. लॉस एंजेलिस येथील बालरुग्णालयातील संशोधकांनी बोटांतील रक्तप्रवाह मोजला, तेव्हा एखादा दीर्घ उसासाही या रुग्णांच्या वाहिन्या निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक आकुंचित करतो असे दिसले. थंडी, वेदना, मानसिक ताण, इतकेच काय, वेदना होणार ही नुसती धास्तीसुद्धा वाहिनी आवळते. निरोगी मनुष्यातही हे घडते, पण त्याचा कण वाकत नाही. पूर्व विदर्भात धानाच्या रोवणीत दिवसभर पाण्यात उभ्या राहिलेल्या मुलीस रात्री हाडे फुटल्यासारखी वेदना का होते, याचा उलगडा येथे होतो.

संहितांत सिकलसेलचे नाव शोधण्याचा खटाटोप आम्हांस निरर्थक वाटतो. आदिबलप्रवृत्त व्याधी ही सुश्रुतोक्त कोटी मात्र त्यास लागू पडते. आणि रसरक्ताचे विक्षेपण करणारा व्यानवायू, शीतगुणाने होणारा वातप्रकोप व स्रोतसांतील संग हा क्रम चिकित्सकास दिशा देतो.

खरा धोका निदानाच्या गफलतीत आहे. सांधे सुजलेले, अंग ठणकणारे मूल आमवात समजून लंघन, वालुकास्वेद, विरेचन या मार्गाने नेले तर शरीरातील जलांश घटतो, रक्त दाट होते व झटका बळावतो. अशा रुग्णांत तीव्र शोधन व रक्तमोक्षण आम्ही वर्ज्य मानतो. सुखोष्ण वातावरण, भरपूर पाणी, विश्रांती व धीर देणे हे उपाय साधे दिसले तरी वाहिनी शिथिल करण्याच्या दृष्टीने सयुक्तिक आहेत. दुखऱ्या जागी बर्फ कदापि लावू नये. पांडु दिसला म्हणून लोह वा मंडूर कल्पही लगेच देऊ नयेत; वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णात लोहसंचय आधीच झालेला असतो. फेरिटिन पाहूनच निर्णय घ्यावा.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट या भागांतील रुग्णांत सांधेदुखी व पांडु एकत्र दिसल्यास प्रथम विद्राव्यता चाचणी, व ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला असून त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अभिप्रेत आहे. ताप १०१ अंशांवर गेला, छातीत दुखून दम लागला, एका बाजूस शक्तिपात झाला किंवा प्लीहा अकस्मात वाढून मूल पांढरेफटक पडले, तर औषधयोजनेत वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे.

औषधी विक्रेत्यांस एक विनंती. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांतील फेनिलेफ्रिन, तसेच श्वासावरील कल्पांत येणारी सोमलता, जिच्यात एफेड्रिन असते, ही द्रव्ये वाहिनी आकुंचित करतात. सिकलसेलचे कार्ड असलेल्या ग्राहकास ती चिकित्सकाच्या सल्ल्याविना देऊ नयेत. हायड्रॉक्सियुरिया चालू असलेल्यास ते ‘उष्ण’ म्हणून बंद करण्याचा सल्ला तर काउंटरवरून मुळीच देऊ नये.